कयाकमध्ये बसण्याआधी तिथी बघा : खाडीतल्या एका दिवसाच्या सहलीचं गणित



सुट्टी जवळ आली की शाळेच्या फाटकाशी पालक मला गाठतात. पूर्वी प्रश्न असायचा, "बाई, मालवणला स्कुबा करायला मुलांना नेऊ का?" हल्ली दोनेक वर्षं प्रश्न बदललाय. "बाई, कयाकिंगला नेलं तर चालेल का? खाडीतच असतं म्हणे, समुद्रात नाही." आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं, "खाडीत काय, पाणी शांत असतं."

या शेवटच्या वाक्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय. आम्ही शिरोड्याची माणसं. एका बाजूला वेळागरचा समुद्र, मागे मिठागरं, थोडं उत्तरेला मोचेमाडची खाडी, दक्षिणेला रेडीच्या पलीकडे तेरेखोल. पाण्याला काही तोटा नाही. पण आमच्या वर्गातल्या किती मुलांना आज भरती किती वाजता आहे ते सांगता येतं, हे मी एकदा विचारून बघितलं. तिघांना आलं. तिघांच्याही घरी होडी आहे.

कयाकिंगला नेलं तर चालेल का, याचं माझं उत्तर "चालेल" असंच आहे. फक्त "कधी?" हे आधी ठरवायचं. इथे महिना किंवा वार पुरत नाही, घड्याळातली वेळ लागते. आणि ती वेळ चंद्र ठरवतो.

कयाक म्हणजे नेमकं काय

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कयाक म्हणजे एका किंवा दोन माणसांची लांबट, अरुंद, हलकी होडी. आपल्या होडीत माणूस उंच फळीवर बसतो. कयाकमध्ये बसताना पाय समोर लांब करून जवळजवळ पाण्याच्या पातळीला बसायचं. वल्हं एकच असतं, पण त्याला दोन्ही टोकांना पातं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कॅनू नावाची अजून एक होडी असते, तिच्या वल्ह्याला एकाच टोकाला पातं असतं. दोन्हींत बरेच जण गल्लत करतात.

हा शब्द आणि ही होडी दोन्ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. तिकडे मोठी झाडं नाहीत. वाहून आलेलं लाकूड, प्राण्यांची हाडं यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. होडी ज्याची त्याच्या मापाने, आपण ब्लाउज शिवतो तशी. उद्देश शिकारीचा. मौज म्हणून कयाक चालवणं फार नंतर, एकोणिसाव्या शतकात युरोपात सुरू झालं. पुढे घडी घालून पिशवीत भरता येणाऱ्या कयाकही आल्या. अशाच एका घडीच्या कयाकमधून ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ मध्ये निघाला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडे पोचला. वाटेत तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यानेही खाली उतरला. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यासमोरून एक कयाक गेली असणार. मुलांना नकाशावर हा मार्ग शोधायला दिला तर भूगोलाचा तास मजेत जातो.

आपल्याकडे भाड्याने मिळते ती बहुतेक प्लॅस्टिकची, वरून उघडी कयाक. हिच्यावर वर बसतात. तळाला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी त्यातून निघून जातं. पहिल्यांदा बघणारी मुलं हमखास विचारतात, "बाई, भोक असलेली होडी बुडत नाही?" नाही बुडत, कारण तिचं पोट बंद असतं आणि आत हवा असते. उत्प्लावनाचा धडा इथे आपोआप सुरू होतो.

आमची फजिती

आता स्वतःचीच गोष्ट सांगते. चूक सर्वस्वी माझी होती. ज्यांनी होड्या दिल्या त्यांनी जॅकेटंही नीट दिली होती.

थंडीचे दिवस, रविवार. मी आणि माझी मुलगी (तेव्हा चौथीत) एका कयाकमध्ये, माझे दीर आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या. जागा तेरेखोलची खाडी, आरोंद्याच्या बाजूची. ही नदी सह्याद्रीत मनोहरगडाच्या बाजूला उगम पावते, बांद्यावरून येते आणि तेरेखोलच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात एक काठ महाराष्ट्राचा, एक गोव्याचा. मुलांना याचंच अप्रूप, मधोमध होडी नेली की अर्धे इकडे अर्धे तिकडे.

आम्ही दहा वाजता निघालो. आरामात नाश्ता वगैरे करून. घावणे, चटणी, सोलकढीची बाटली, दोन पाण्याच्या बाटल्या. ठरवलं होतं, समुद्राच्या दिशेने साधारण तीन किलोमीटर जायचं, पुळणीवर खायचं, परत यायचं. दोन तासांत घरी.

जाताना इतकं सुरेख गेलो की विचारू नका. वल्हं नुसतं टेकवलं तरी कयाक पळत होती. मी मुलीला म्हटलंसुद्धा, "अगं, किती छान वल्हवतेस!" अर्ध्या तासात तीन किलोमीटर. कांदळाची मुळं, त्यावर बसलेला खंड्या, वर घिरट्या घालणारी पांढऱ्या डोक्याची घार. पुळणीवर खाल्लं, खेळलो, फोटो काढले. सव्वाबाराला परत फिरलो.

आणि काठावरचं एक तिवराचं झाड आमच्या बाजूला होतं, ते बाजूलाच राहिलं. आम्ही वल्हवतोय, घाम निघतोय, झाड तिथेच. दहा मिनिटांनी मुलगी म्हणाली, "आई, झाड आपल्याबरोबर येतंय." मला हसू आलं आणि लगेच पोटात गोळा आला. तिला वाटलं तसं नव्हतं. झाड जागेवरच होतं आणि आम्हीही.

त्यात दुपारचा खारा वारा सुटला. वारा समुद्राकडून आत येणारा, म्हणजे आमच्या पाठीवरचा. मदत व्हायला हवी होती ना? थोडी झालीही. पण पाणी बाहेर धावतंय आणि वारा आत येतोय, असं समोरासमोर आलं की पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. पुस्तकात खारे वारे, मतलई वारे मी कितीदा शिकवलेत. ते असे पाठीवर कधी घेतले नव्हते. कडेला गेलं तर प्रवाह कमी असतो हे माहीत होतं, पण कडेला एव्हाना गुडघाभर चिखल उघडा पडला होता आणि त्यात कालवांच्या कपच्या.

एक मच्छीमार काका होडीतून खाली चालले होते. त्यांनी आमची धडपड बघितली आणि होडी जरा जवळ आणली. "बाईनु, उगाच मारू नकात. परत पुळणीर जावन रवा. चार वाजता पाणी फिरतला, मगे जावा."

आम्ही परत पुळणीवर गेलो. सावली म्हणून उभ्या केलेल्या दोन कयाक. पाणी दोन वाजता संपलं. फोनला रेंज नव्हती. चार वाजून गेल्यावर खरंच पाणी थांबलं, मग हळूहळू आत यायला लागलं आणि आम्ही पाचच्या सुमाराला धक्क्याला लागलो. घरी सगळे काळजीत. सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "आज तेरस आसा, ता कोणी बघूक नाय?"

मी डीएड झालेली, स्कॉलरशिपच्या मुलांना गणित शिकवणारी. त्या चौथी शिकलेल्या. त्या दिवशीचं गणित त्यांना येत होतं.

नाव आणि प्रवाह

हे उदाहरण आपण सगळ्यांनी फळ्यावर सोडवलेलं आहे. संथ पाण्यात नावेचा वेग ताशी ४ किमी, प्रवाहाचा वेग ताशी २ किमी, तर तीन किलोमीटर जाऊन परत यायला किती वेळ?

प्रवाहाबरोबर वेग ४ + २ = ६, म्हणून अर्धा तास. प्रवाहाविरुद्ध ४ − २ = २, म्हणून दीड तास. एकूण दोन तास. संथ पाण्यात हेच सहा किलोमीटर दीड तासात झाले असते. मुलांना नेहमी वाटतं की जाताना जितकं मिळतं तितकंच येताना जातं, म्हणजे हिशेब फिटला. फिटत नाही. येताना जास्त जातं, कारण कमी वेगात आपण जास्त वेळ असतो. वर्गात हे दहादा सांगूनही पटत नाही, एकदा करून बघितलं की पटतं.

आता यात खरं आयुष्य घाला. मौजेने वल्हवणारा मोठा माणूस ताशी तीन ते पाच किलोमीटर जातो. सोबत दमलेलं मूल असेल तर वेग ३ धरा. मग परतीचा वेग ताशी एक किलोमीटर, म्हणजे तीन तास. प्रवाह जरा वाढला आणि तोही ३ झाला तर उत्तर शून्य. फळ्यावर आपण असं उदाहरण कधी देत नाही, कारण उत्तर "येत नाही". आमचं तिवराचं झाड म्हणजे ते शून्य होतं.

जाताना आपण जोरात जातोय असं वाटणं हीच धोक्याची खूण आहे. निघाल्यावर पाच मिनिटांनी वल्हं वर उचलून नुसतं बसायचं आणि काठावरच्या एखाद्या खुणेकडे बघायचं. होडी आपोआप पुढे सरकत असेल तर येताना तेवढं परत द्यावं लागणार. मुलांना हा खेळ फार आवडतो.

तिथीची पाऊणपट

सासूबाईंचं गणित असं आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. त्रयोदशीला १३ × ३/४ = ९ पूर्णांक ३/४, म्हणजे पावणेदहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने सुरू. दिवसातून एकदा आणि रात्रीतून एकदा, सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतराने भरती येते आणि भरतीनंतर सहा तासांच्या वर थोड्या वेळाने पूर्ण सुकती.

आता आमचा रविवार तपासा. तेरस, भरती पावणेदहाला. आम्ही बरोबर दहाला, पाणी उतरायला लागल्यावर, उतरत्या पाण्याबरोबर निघालो. सुकती चारला. म्हणजे परतीच्या सबंध वाटेवर पाणी आमच्याविरुद्ध. याहून वाईट वेळ ठरवूनही साधली नसती. तेच सव्वाआठला निघून उलट दिशेने, वर बांद्याच्या अंगाला थोडं गेलो असतो, तर चढत्या पाण्याने नेलं असतं आणि दहानंतर उतरत्या पाण्याने आणून सोडलं असतं. अर्थात फार वर जायचं नाही. बांद्याकडच्या पात्रात मगरी दिसल्याच्या बातम्या येत असतात, आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात तर लोक मगरी बघायलाच जातात. भाड्याने होडी देणाऱ्यांना हे आधी विचारावं, लाजू नये.

हा नियम शिकवताना एक छान गोष्ट होते. नियम कुठे चुकतो ते मुलं स्वतः शोधतात. पौर्णिमेला १५ × ३/४ म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, १ × ३/४ म्हणजे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी? पाणी अशी उडी मारत नाही. मग चूक कुठे? पंधरा तिथींमध्ये भरतीची वेळ बारा तास पुढे सरकून फिरून तिथेच येते. १२ तास भागिले १५ म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपटीच्या नियमात आपण ४५ धरतो. रोजची तीन मिनिटं साठत साठत पंधराव्या दिवशी पाऊण तास होतात. माझ्या पाचवीच्या एका मुलाने हे फळ्यावर काढून दाखवलं आणि मला म्हणाला, "बाई, मग पाऊणपट कशाला, चार पंचमांश करूया." बरोबर आहे त्याचं. पण तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी, म्हणून जुन्या माणसांनी ती ठेवली. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला ४/५ पेक्षा ३/४ जवळचं.

तेव्हा हा अंदाज आहे, तासाभराची सूट ठेवून वापरायचा. नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असतं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी ते काढतो आणि मोबाइलवरही वेळा मिळतात. मी दोन्ही करायला लावते. आधी तोंडी हिशेब, मग मोबाइल. फरक किती आला तो वहीत लिहायचा. आणि एक लक्षात ठेवायचं, या वेळा किनाऱ्यावरच्या असतात. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते.

सहा तासांचे बारा वाटे

पाणी सहा तास उतरतं, पण सारखं उतरत नाही. दर्यावर्दी लोकांचा जगभर एक ठोकताळा आहे. एकूण उताराचे बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. अपूर्णांकांच्या बेरजेला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि सुकतीत साधारण दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. हिशेबाला सोपं म्हणून १८० सेंटिमीटर धरू. मग तासागणिक १५, ३०, ४५, ४५, ३०, १५. मधल्या दोनच तासांत ९० सेंटिमीटर, म्हणजे निम्मं पाणी निघून जातं. तेवढं सगळं पाणी खाडीच्या अरुंद तोंडातून बाहेर पडायचं म्हणजे प्रवाह तेव्हाच सगळ्यात जोराचा. भरतीनंतर तिसरा आणि चौथा तास. आमच्या तेरशीला हे तास म्हणजे पावणेबारा ते पावणेदोन. आम्ही सव्वाबाराला परत फिरलो होतो!

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा हा फरक मोठा. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं, प्रवाह मवाळ. म्हणून पहिल्यांदा मुलांना न्यायचं तर भांगाचे दिवस बघा. सप्तमी ते दशमी. इतकं साधं आहे.

जाता जाता एक शिरोड्याची गोष्ट. शिरोडं म्हटलं की लोकांना वि. स. खांडेकरांची शाळा आठवते, नाहीतर मे १९३० चा मिठाचा सत्याग्रह. त्या मिठागरांचं कामही याच गणितावर. उधाणाचं पाणी चढलं की ते आत घ्यायचं, अडवायचं, मग उन्हाने आटवायचं. आगरात काम करणाऱ्याला तिथी विचारावी लागत नाही. मीठ आम्ही दरवर्षी मुलांना परिसर अभ्यासात शिकवतो, सत्याग्रह इतिहासात शिकवतो, पण पाणी आत कोणत्या दिवशी घेतात हे मी स्वतः त्या रविवारनंतर पहिल्यांदा जाऊन विचारलं.

धरणाचं पाणी

घाटावरचे पालकही हे वाचतात, म्हणून थोडं धरणाबद्दल. पवना, मुळशी अशा जलाशयांच्या काठी आता कयाक मिळतात. तिथे भरती-ओहोटी नाही. तिथे प्रश्न वाऱ्याचा. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी वाऱ्याने खवळतं आणि मोठ्या जलाशयात वारा तुम्हाला दूरच्या काठाला नेऊन टाकतो. म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. काठ एकदम खोल होतो, पाण्याखाली जुनी झाडं, भिंती असतात. दोडामार्गच्या तिलारी धरणासारख्या ठिकाणी परवानगीशिवाय पाण्यात उतरूच नये.

धरणाच्या खालच्या नदीचं अजून वेगळं. कोलाडला कुंडलिका नदीत लोक राफ्टिंगला जातात, ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. सकाळी पाणी सुटतं तेव्हा नदी जोरात असते, एरवी शांत. त्या नदीचं घड्याळ वीजकेंद्रात आहे, आपलं आकाशात. पण विचारायचा प्रश्न दोन्हीकडे एकच, आज पाणी किती वाजता?

मुलांना नेताना

सगळ्यात आधी एक स्पष्ट करते. शाळेची सहल म्हणून मी मुलांना पाण्यावर नेत नाही आणि कुणी न्यावं असंही म्हणत नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तलाव होता तो. पाणी शांतच होतं. ती बातमी वाचल्यापासून मी एका बोटीत किती मुलं हा प्रश्न कुठेही, अगदी जत्रेतल्या पाळण्यापाशीसुद्धा विचारते. एका शिक्षिकेच्या दोन डोळ्यांना तीस मुलं पाण्यावर सांभाळता येत नाहीत. हे काम पालकांचं. एका मुलामागे एक मोठं माणूस, त्याच होडीत.

जॅकेट मुलाच्या मापाचं हवं. पट्टे आवळून झाले की खांद्याच्या पट्ट्यांना धरून मुलाला वर उचलून बघा. जॅकेट वर सरकून हनुवटी आत गेली तर ते जॅकेट त्या मुलाचं नाही. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो, तो लोंबकळत ठेवू नका. आणि पोहता येणाऱ्यानेही ते काढायचं नाही. "मला पोहता येतं" म्हणणारे बाबा लोक सगळ्यात अवघड, तुम्हाला अनुभव असेलच.

दुसरी गोष्ट, वल्हवायला शिकवायच्या आधी पडायला शिकवा. कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटी करायची, दोनतीनदा. एकदा पडून बघितलं की भीती निम्मी होते. सांगायचं एकच, होडी सोडायची नाही. उलटलेली कयाकही तरंगत असते. काठ जवळ वाटतो म्हणून पोहत निघायचं नाही. होडीला धरून राहिलेला माणूस लांबून दिसतो, नुसतं डोकं दिसत नाही.

वल्हवताना मुलं फक्त हात ओढतात आणि दहा मिनिटांत दमतात. कमरेपासून अंग वळवायचं, पायांनी रेटा द्यायचा. पाणी मागे ढकलतो म्हणून होडी पुढे जाते, न्यूटनचा तिसरा नियम सातवी-आठवीच्या मुलांना इथे विचारा. वळायचं असेल तर ज्या बाजूला वळायचं त्याच्या विरुद्ध बाजूला वल्हं लांबून, अर्धवर्तुळात फिरवायचं.

सामानात पाणी ठरवल्यापेक्षा दुप्पट न्यायचं, हे मी पुळणीवर शिकले. टोपी, शिटी, पायात जुने बूट किंवा पट्ट्याच्या चपला. कालवांनी तळवा कापला की जखम लवकर भरत नाही. महागडी जलरोधक बॅग नसेल तर रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची प्लॅस्टिकची बरणी घ्या. फोन, किल्ली, औषध त्यात. बरणी होडीला बांधायची. घरी एका माणसाला कुठे चाललोय आणि किती वाजता परत येणार ते सांगून ठेवायचं. खाडीतल्या जाळ्यांवरून होडी नेऊ नये, मच्छीमारांचं पोट त्यावर असतं. आणि गेवा नावाचं कांदळवनातलं झाड ओळखून ठेवा, त्याचा पांढरा चीक डोळ्यांना फार वाईट. पानं तोडत बसायचं नाही. पावसाळ्यात तर हा विषयच नको, तेव्हा नदीला वरून येणाऱ्या पाण्याचा भरवसा नसतो.

ज्यांना एकदम कयाकची भीती वाटते त्यांनी आधी वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जावं. तिथे स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफर घडवतात. इंजिन नाही, त्या स्वतः होडी वल्हवतात. मच्छीमार घरांतल्या बायका. कांदळ, तिवर, चिप्पी यांतला फरक त्या जितका सोपा करून सांगतात तितका मला पुस्तकावरून सांगता येत नव्हता. मी मुलीला त्या रविवारनंतर तिथेच नेलं, कारण ती पाण्यात उतरायलाच तयार नव्हती. होडी चालवणाऱ्या ताईंना तिने पहिला प्रश्न विचारला, "आता पाणी चढतंय की उतरतंय?" ताई हसल्या आणि म्हणाल्या, "तूच बघून सांग." मुलीने पाण्यावरून वाहत चाललेल्या एका पानाकडे बरंच वेळ बघितलं.

आता आमच्या घरात कॅलेंडर फ्रिजवरून काढून दाराजवळ लावलंय. परवा तिच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला, येत्या रविवारी मुलींना खाडीत न्यायचं का म्हणून. मी काही बोलायच्या आत मुलगी दाराशी गेली. "नवमी आहे," ती तिथूनच ओरडली, "पावणेसातला भरती. एकच्या आत पूर्ण सुकती. आपण अकराला निघून खाली जायचं आणि पाण्याबरोबर परत यायचं." मग थोडं थांबून, "मोबाइलवर पण बघ."

मोबाइलवर वीस मिनिटांचा फरक निघाला. तिने तो वहीत लिहिलाय.